नाखुदाचा शब्द

रविवारी दुपारची जेवणं उरकली की अपेक्षा तुळसकर पलंगाशेजारी घडीचं टेबल लावायची, त्यावर लॅपटॉप ठेवायची आणि कानाला हेडफोन चढवायची. लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर त्यांची एकच लांबट खोली. आई दाराशी चटई टाकून लवंडलेली असायची. आठवडाभर परळच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढून अपेक्षाला माणसांचा जरा कंटाळा आलेला असायचा; रविवारची दुपार मात्र तिची स्वतःची होती. ती काय खेळते ते आईला कधीच कळलं नाही. आई झोपेतच विचारायची, "खेळ संपलो काय गो? मग चाय ठेव."

गेमला इंग्रजीत लांबलचक नाव होतं, पण खेळणारे तिघं मित्र त्याला नुसतं 'नकाशा' म्हणायचे. पडद्यावर सगळ्या जगाचा नकाशा, काळ पाचशे-साडेपाचशे वर्षांपूर्वीचा. प्रत्येकाने एक राज्य घ्यायचं. कर लावायचे, सैन्य उभारायचं, आरमार बांधायचं, शेजाऱ्यांशी तह करायचे आणि योग्य वेळ आली की ते मोडायचे. एक डाव संपायला महिने लागायचे. दोन रविवारांच्या मधे ग्रुपवर एकच विषय असायचा, कुणी कुणाला दगा दिला.

अपेक्षा नेहमी विजयनगर घ्यायची. तह मोडण्यात तिचा हात कुणी धरत नसे. रघुवीर गिरगावातला, ऑपेरा हाऊसजवळच्या एका हिऱ्यांच्या ऑफिसात कॉन्ट्रॅक्टवर नोकरी करणारा. तो पोर्तुगाल घेऊन आफ्रिकेला वळसा घालत यायचा. तिसरा निमेश, शिवडीच्या कोळीवाड्यातला. त्याचे वडील लहू नाखवा यांची छोटी बोट होती, आई गुणवंती परळच्या बाजारात मासळी विकायची, आणि निमेश स्वतः गोदीजवळ एका शिपिंग एजंटकडे कागदपत्रांचं काम करायचा. तो इराणच्या आखातातलं होर्मुझ घ्यायचा. लहानसं राज्य, पण समुद्र सगळा त्याचा. निमेशने एकदा तह केला की तो शेवटपर्यंत पाळायचा. त्यावरून बाकीचे दोघं त्याची चेष्टा करायचे.

तिघांत डाव रंगत नसे, म्हणून ते बाहेरच्यांसाठी जागा उघडी ठेवायचे. अनोळखी लोक यायचे, हरायला लागले की निघून जायचे. गेल्या वर्षी असाच एकजण आला. त्याने नाव घेतलं होतं 'नाखुदा'.

"नाखुदा म्हणजे आपला नाखवाच की," निमेश म्हणाला. "घ्या त्याला. आमच्यातला आहे."

नाखुदाने सयामचं राज्य घेतलं. तो हिंदीत बोलायचा, हळू आवाजात, आणि दुसरा बोलत असताना कधीच मधे बोलायचा नाही. मूळचा इंदूरचा, आता बँकॉकला एका लॉजिस्टिक्स कंपनीत आहे असं त्याने सांगितलं. तो बरा खेळायचा, पण त्याचं वेगळेपण खेळात नव्हतं. त्याने कुणाला दिलेला शब्द मोडला नाही. एका डावात अपेक्षाने होर्मुझवर हल्ला केला. नाखुदाचा निमेशशी संरक्षणाचा तह होता. त्याने सयामहून अख्खं आरमार निमेशच्या मदतीला पाठवलं आणि त्यात स्वतःचं अर्धं राज्य शेजाऱ्यांना गमावून बसला.

"सोडून द्यायचं ना," रघुवीर त्याला म्हणाला. "गेम आहे."

"ज़बान दी थी," नाखुदा म्हणाला.

निमेशच्या ते मनाला फार भिडलं. त्या दिवसापासून तो नाखुदाशी रविवारच्या बाहेरही बोलायला लागला.

अपेक्षाला मात्र काहीतरी खटकत होतं. एकदा खेळ संपल्यावर तिने रघुवीरला फोन केला. "हा माणूस जिंकायला खेळत नाही."

"मग कशाला खेळतो?"

"तेच कळत नाहीये."

"तू हरलीस म्हणून तुला तसं वाटतंय," रघुवीर हसून म्हणाला.

नाखुदा खेळता खेळता चौकशा करायचा. नोकरी कशी आहे, घरी कोण कोण, बॉस त्रास देतो का. सांगितलेलं त्याच्या लक्षात राहायचं. गुणवंतीबाईंचा गुडघा दुखतो हे निमेश एकदा बोलून गेला, तर पुढच्या रविवारी नाखुदाने गुडघ्याचं आधी विचारलं आणि मग खेळ सुरू केला. अपेक्षा त्याला जेवढ्यास तेवढं उत्तर द्यायची. तो तिला फार विचारायचाही नाही.

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर निमेशच्या एजंटने धंदा गुंडाळला. आठवडा उलटायच्या आत नाखुदाने त्याला नोकरी देऊ केली. बँकॉकचं ऑफिस, शिपिंगचीच कागदपत्रं, राहायची सोय कंपनीची, तिकीटही कंपनीच काढणार.

दादरला स्टेशनजवळच्या एका हॉटेलात तिघं भेटले. निमेशने व्हिसाचा कागद फोनवर दाखवला.

"हा टुरिस्ट व्हिसा आहे," अपेक्षा म्हणाली.

"तिकडे गेल्यावर बदलून देतात. त्याने आधीच सांगितलंय."

"तू त्याला बघितलंयस?"

"व्हिडिओ कॉलवर बघितलं. साधा माणूस आहे. चष्मा लावतो." निमेशने चहाचा कप बाजूला सरकवला. "अपू, तू सगळ्यांना नकाशावर बघतेस तसंच बघतेस. वर्षभर त्याने एकदा तरी फसवलं का आपल्याला?"

"नाही."

"मग?"

वर्षभरात एकदाही फसवलं नाही हीच तिची शंका होती, आणि ती बोलून दाखवली असती तर वेडेपणाची वाटली असती. रघुवीर म्हणाला, "जा रे. इकडे काय ठेवलंय?"

निघायच्या आदल्या दिवशी गुणवंतीबाईंनी अपेक्षाला बाजारात थांबवून घेतलं. समोर बोंबील आणि मांदेली मांडलेली. "गो पोरी, तो माणूस कसा हाय?"

"मी त्याचा चेहराही पाहिला नाही, मावशी."

"मग तुम्ही त्याच्याशी बोलता कसं?"

"खेळताना बोलतो."

गुणवंतीबाईंनी तिच्याकडे पाहिलं, आणि मग गिऱ्हाईक आलं म्हणून कोयता उचलला.

निमेश गेला. विमानतळावरचा फोटो आला, मग एका उंच इमारतीचा, मग हॉटेलातल्या खोलीचा. पुढे दोन रविवार तो खेळायला आला नाही. तिसऱ्या रविवारी त्याचं नाव पुन्हा पडद्यावर दिसलं आणि रघुवीरने माइकवरच टाळ्या वाजवल्या. निमेशने चॅटमध्ये लिहिलं की माइक बंद ठेवतो, खोलीत बाकीचे झोपलेत.

त्यानंतर त्याचा आवाज त्यांनी ऐकलाच नाही. तो दर रविवारी यायचा, होर्मुझ चालवायचा आणि लिहायचा. लिहिणं बदललं होतं. पूर्वी तो इंग्रजी अक्षरांत तोडकंमोडकं मराठी बडवायचा, अर्ध्या शब्दांना शेपट्या नसायच्या. आता सगळं नीट इंग्रजीत. काम छान आहे, जेवण छान आहे, लोक छान आहेत. अपेक्षाला तो 'अपू' म्हणायचा, आता 'डिअर अपेक्षा' लिहायला लागला. नाखुदाचं सयाम कॉम्प्युटर चालवत होता. तो कामात आहे, असं निमेशने कळवलं.

"परदेशात गेला की माणूस असाच होतो," रघुवीर म्हणाला. "साहेब झाला आपला."

थोड्याच दिवसांत रघुवीरचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं, आणि निमेशने ग्रुपवर लिहिलं की आमच्याकडे दोन जागा आहेत. रघुवीर, तू ये. डिअर अपेक्षा, तूसुद्धा. रघुवीरचा जीव भांड्यात पडला. त्याने तयारी सुरू केली आणि घरी सांगूनही टाकलं.

दिवाळीनंतरच्या रविवारी दुपारी तिघं खेळायला बसले. अपेक्षाची आई दाराशी झोपली होती. रघुवीर खुशीत होता. "निम्या, पासपोर्टची कॉपी पाठवली. मिळाली ना?" तो माइकवर म्हणाला.

चॅटमध्ये उत्तर आलं. मिळाली, ब्रो. सगळं ओके. आम्ही तुझी वाट बघतोय.

त्याच वेळी नकाशावर होर्मुझच्या बंदरातून जहाजं बाहेर पडली. अपेक्षाला वाटलं, नेहमीची गस्त असेल. जहाजं थेट दक्षिणेला, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या पोर्तुगीज बंदरांकडे गेली, आणि पडद्यावर लाल पट्टी आली: होर्मुझने पोर्तुगालविरुद्ध युद्ध पुकारलं आहे.

"अरे ए," रघुवीर म्हणाला. "चुकून दाबलंस काय?"

एक बंदर पेटलं. मग त्याच्या वरचं.

"निमेश, काय करतोयस? तह आहे आपला."

चॅटमध्ये ओळ आली. इथली हवा खूप छान आहे, ब्रो. तुला आवडेल.

अपेक्षा पडद्याच्या जवळ सरकली. निमेशने आजवर एकही तह मोडला नव्हता, आणि आता मोडला तोही कसा, तर आंधळ्यासारखा. त्याने होर्मुझमध्ये एकही जहाज, एकही तुकडी मागे ठेवली नव्हती. उत्तरेकडून इराणचं सैन्य त्याच्या रिकाम्या शहरात शिरलं, तरी तो वळला नाही. रघुवीरची गोदामं, रघुवीरची जहाजं, रघुवीरच्या वखारी, एवढंच तो जाळत सुटला होता. अपेक्षाला त्याने हातही लावला नाही. आणि चॅटमध्ये तेच गोड बोलणं चालू होतं. कंपनीची गाडी घ्यायला येईल. सामान कमी आण.

निमेशच्या पाठीमागे कुणीतरी उभं होतं. तो माणूस चॅट वाचत होता, कदाचित काय लिहायचं तेही सांगत होता. नकाशा त्याला कळत नव्हता. रंगीत ठिपके हलतायत, एवढंच त्याला दिसत असणार.

ती माइकवर काही बोलू शकत नव्हती. रघुवीर चिडून शिव्या द्यायला लागला होता, त्यालाही तिने थांबवलं नाही. या गेममध्ये फारसं कुणी वापरत नाही असं एक बटण असतं. राज्य बुडायला लागलं की दुसरा एखादा राजा त्या राजाला आपल्या दरबारी बोलावू शकतो. राजाश्रय म्हणतात त्याला. त्याने सैन्य मिळत नाही, जमीन मिळत नाही, नुसता राजा जिवंत राहतो. अपेक्षाने होर्मुझवर क्लिक केलं आणि राजाश्रय देऊ केला.

क्षणही गेला नाही. होर्मुझने आश्रय स्वीकारला आहे, अशी पट्टी आली.

मग होर्मुझचा रंग नकाशावरून पुसला गेला. चॅटमध्ये शेवटची ओळ आली, गुड गेम, रघुवीर लवकर ये, आणि निमेशच्या नावापुढचा हिरवा ठिपका विझला.

अपेक्षाने आईला उठवलं नाही. चप्पल घालून ती तशीच गिरगावला गेली. रघुवीर चाळीच्या गॅलरीत कठड्याला टेकून उभा होता, अजून धुसफुसत.

"वर्षभराचा डाव घालवला त्याने," तो म्हणाला. "आणि वर 'ब्रो' म्हणतो."

"तुझं जायचं कधी आहे?"

"तिकीट पाठवतील या आठवड्यात."

"जाऊ नकोस."

"गेमवरून? अपेक्षा, काहीतरीच काय."

"निमेशने कधी तह मोडलाय? माझ्याशी, तुझ्याशी, कुणाशीही?"

रघुवीरने नाही म्हणून मान हलवली.

"त्याला तुला सांगायचं होतं, माझ्यावर भरवसा ठेवू नकोस. लिहून सांगता येत नाही, बोलून सांगता येत नाही. मग कुठे सांगणार? मी त्याला आश्रय देते म्हटलं, तर त्याने विचारही केला नाही. लगेच घेतला. तो अडकलाय, रघू."

रघुवीरने खाली रस्त्याकडे बघितलं. मग त्याने खाली आवाजात विचारलं, "माझ्या पासपोर्टचं काय करतील ते?"

दुसऱ्या दिवशी शिफ्ट संपल्यावर दोघं बाजारात गुणवंतीबाईंकडे गेले. कसं सांगायचं याची जुळवाजुळव करत होते, पण त्यांना फार सांगावं लागलं नाही.

"फोनवर येतं ते रुचिका वाचून दावते," गुणवंतीबाई म्हणाल्या. रुचिका म्हणजे निमेशची धाकटी बहीण. "त्यात तो मला 'डिअर मदर' लिवतो. आय म्हनत नाय. मी कुनाला बोलले नाय. वाटलं, बोलले तर खरं होईल."

त्यांनी शेजारणीला आपल्या मासळीच्या पाट्यावर बसवलं आणि आहे त्याच लुगड्यात पोलिसांत आल्या. ड्यूटीवरच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. गेमचा भाग आला तेव्हा अपेक्षाला वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत. "बँकॉकला उतरवतात आणि गाडीत घालून सीमेपलीकडे नेतात," त्या म्हणाल्या. "जंगलात इमारती आहेत. आत कॉम्प्युटर. तिथून मुलांकडून लोकांना फसवायचं काम करून घेतात. तुमची पहिली तक्रार नाही." तक्रार लिहून घेतली गेली, ती दूतावासाकडे जाईल असं सांगितलं गेलं. गुणवंतीबाईंनी फक्त एक विचारलं. आत जेवायला देतात का?

रघुवीरने आजारपणाचं कारण सांगून नोकरी नाकारली. दुसऱ्याच संध्याकाळी अपेक्षाच्या लॅपटॉपवर कॉल आला. नाव नाखुदाचं. तिने घेतला.

"अपेक्षाजी," तोच हळू आवाज, किंवा तिला तोच वाटला. "रघुवीर नहीं आ रहा, सुना."

"बरं नाही त्याला."

"आपने रोका?"

तिने माइक बंद केला.

"कोई बात नहीं. आप अच्छा खेलती हैं. आप तो आने वाली थीं ही नहीं, ये हमें पहले से मालूम था." तो थांबला. "आपकी माँ दोपहर को दरवाज़े के पास सोती हैं ना? माइक पर उनकी आवाज़ आती है. चाय माँगती हैं."

कॉल बंद झाला. अपेक्षाने वळून पाहिलं. आई भिंतीला टेकून लसूण सोलत बसली होती. अपेक्षा उठली आणि तिने दार लावून घेतलं. आईने विचारलं, संध्याकाळचं दार कशाला लावतेस, लक्ष्मी यायची वेळ. अपेक्षा म्हणाली, वारा आहे.

त्यानंतर निमेशचं नाव कुठेच दिसलं नाही. रुचिकाच्या फोनवर मेसेज यायचे थांबले. गुणवंतीबाई रोज बाजारात बसायच्या. लहू नाखवा बोट घेऊन जायचा आणि अर्ध्यातून परत यायचा. अपेक्षा जाता-येता बाजारात थांबायची. रविवारी ती टेबल लावत नसे.

थंडी सरताना बातमी आली की सीमेवरच्या त्या भागात तिथल्या सैन्याने छापा घातला, आणि काही शेकडो मुलं नदी ओलांडून पलीकडे आली. सरकारने विमानं पाठवली. दुसऱ्या विमानात निमेश होता.

तो वाळून गेला होता. डाव्या कानाने त्याला नीट ऐकू येत नव्हतं. काही दिवसांनी त्याने अपेक्षाला शिवडीच्या जेट्टीवर बोलावलं. ओहोटी होती, लांबवर चिखल उघडा पडला होता. ती त्याच्या उजव्या बाजूला बसली.

"नाखुदा एक माणूस नाहीये," तो म्हणाला. "ते टेबलाचं नाव आहे. त्या टेबलावर जो बसेल तो नाखुदा. आपल्याशी खेळायचा तो खरंच इंदूरचा होता. त्यालाही असंच आणलेलं. मी गेल्यावर त्याला दुसरीकडे हलवला, आणि त्या टेबलावर मला बसवलं. मी बरा खेळायचो ना."

"रघूने नाही म्हटल्यावर मला कॉल आला, तो कुणाचा?" अपेक्षाने विचारलं.

"वरच्या माणसाचा असणार. ते नाव कुणीही वापरतं. पहिल्याच दिवशी शिकवतात. शब्द मोडायचा नाही, कितीही नुकसान झालं तरी. आणि बघत राहायचं. जो तह मोडतो त्याला सोडून द्यायचं. जो पाळतो, त्याच्याशी बोलायला लागायचं." त्याने तिच्याकडे पाहिलं. "म्हणून तुझ्या मागे कुणी लागलं नाही."

"रघूला तू वाचवलंस."

"रघू माझा दोस्त होता. बाकीचे नव्हते."

बगळ्यांचा एक थवा चिखलावरून उठला आणि थोडा पुढे जाऊन बसला. मग निमेशने सांगितलं. फलटणचा एक मुलगा होता, वैभव. नाखुदा होऊन निमेश त्याच्याशी महिनाभर खेळला. वैभव एकदम सरळ खेळायचा. निमेशच्या शब्दावर तो आला. निमेशने त्याला आत येताना पाहिलं, आणि वैभवने त्याचा आवाज ओळखला. छाप्याच्या आधीच वैभवला दुसऱ्या जागी नेलं होतं. तो परत आलेल्यांत नाही.

"मी पोलिसांना त्याचं नाव दिलंय," निमेश म्हणाला. "त्याच्या घरी फोन केला, पण हातपाय गळाले. मी त्याचा मित्र आहे, भेटायचंय, एवढंच बोललो. वडील यायला तयार झाले. तू चल माझ्याबरोबर."

ते दादरला भेटले, त्याच हॉटेलात, सकाळी अकराच्या सुमारास. वैभवचे वडील कुशाबा एसटीत कंडक्टर होते, नुकतेच निवृत्त झालेले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात मिठाईचा पुडा. खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी तो निमेशच्या हातात दिला.

"वैभवचे मित्र म्हणजे घरचेच," ते म्हणाले. "तुम्ही तिकडं एकत्रच असणार. कसा आहे तो? वाळला का?"

निमेशने पुडा टेबलावर ठेवला. "काका, तुमचं त्याच्याशी बोलणं होतं?"

"बोलणं नाही होत. कामात असतो. पण रोज लिहितो." कुशाबांनी फोन काढला, चष्मा वर ढकलला आणि अभिमानाने पुढे केला. "हे बघा. आता बहिणीलापण बोलावलंय त्यानं. सुप्रियाला. ऑफिसातच जागा आहे. तिचा पासपोर्ट झाला परवा. भाऊ तिथं आहे म्हटल्यावर पाठवायला काळजी नाही."

अपेक्षाने मेसेज वाचले. नीटनेटके, सगळं छान असलेले. तिने फोन निमेशकडे सरकवला. त्याने तो वरपासून खालपर्यंत वाचला, अगदी हळू, आणि मग सगळं सांगितलं. टुरिस्ट व्हिसा, गाडी, इमारत, टेबल. आपण स्वतः वैभवशी काय बोललो ते. तो मान वर न करता बोलत होता. आजूबाजूला इडली-वडे येत होते, वेटर दोनदा येऊन गेला.

शेवटी कुशाबांनी बोटाने फोनकडे दाखवलं. "मग हे कोण लिहितं?"

"आधीचे मी लिहिलेत," निमेश म्हणाला. "छापा पडल्यानंतरचे कोण लिहितं, मला माहीत नाही."

अपेक्षाला वाटलं, कुशाबा हात उगारतील, आणि निमेशही जणू त्याचीच वाट बघत बसला होता. पण त्यांनी मुलीला फोन लावला. "सुप्रिया, कुठंयस? बरं. घरातच थांब. आज कुठं जाऊ नको. नाही, काही झालं नाही. आईजवळ बस." मग त्यांनी फोन टेबलावर ठेवला.

पोलिसांकडे कसं जायचं ते अपेक्षा त्यांना सांगत होती, तेवढ्यात टेबलावरचा फोन उजळला. वैभवच्या नावाने मेसेज होता. तिघांनी तो एकदमच वाचला.

पप्पा, मुंबईला पोचलात का? कुणाला भेटलात?

"मीच काल कळवलं त्याला," कुशाबा म्हणाले. "तुझा मित्र भेटणारे म्हणून."

"माझं नाव लिहिलंत?" निमेशने विचारलं.

"नाही. मित्र म्हणालो नुसतं."

"मग उत्तर द्या, काका. आत्ता द्या." निमेश पुढे वाकला. "मित्र आलाच नाही म्हणून लिहा. मी जेवून परत निघतोय म्हणून लिहा. उत्तराला उशीर झाला की त्यांना संशय येतो, मग ते वैभवला मारतात."

कुशाबांनी फोन हातात घेतला. एकेक अक्षर शोधत ते लिहायला लागले. मधेच थांबून त्यांनी अपेक्षाला विचारलं, नेहमी शेवटी 'काळजी घे बाळा' असं लिहितो, ते लिहू ना? ती हो म्हणाली. त्यांनी तेही लिहिलं आणि मेसेज पाठवला. पलीकडून लगेच अंगठा आला.

मग तिघं उठले आणि पोलिसांकडे जायला टॅक्सी शोधत बाहेर पडले.